स्लॅब आणि कॅप्सूलवरचे डीलरचे हट्टी स्टिकर कसे काढावेत: नाण्याला आणि होल्डरला जपून करायची पद्धत

मनासारखं नाणं मिळतं, चांगल्या होल्डरमध्ये, म्हणजे बंद सपाट डबीत (स्लॅब) किंवा उघडता येणाऱ्या गोल डबीत (कॅप्सूल) मिळतं, आणि होल्डरच्या नेमक्या दर्शनी भागावर डीलरचा स्टिकर असतो. कुणी किंमत लिहिलेली असते, कुणी दुकानाचा कोड, कुणी लिलावाचा लॉट क्रमांक. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ मध्ये ठसा बदलला. हा रुपया हातात घेणारा माणूस भिंगातून आधी तो हत्तीच शोधतो, आणि किमतीची चिठ्ठी बसलेली असते बरोबर त्याच्यावर.

होल्डरचं खरं नुकसान स्टिकरने फारसं होत नाही. ते होतं स्टिकर काढायला घेतलेल्या ब्लेडने, नेलपॉलिश रिमूव्हरने आणि रंगाच्या थिनरने. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी ऊब, मग खोबरेल तेल, आणि त्यानेही भागलं नाही तरच लायटरमधलं फ्लुइड. प्रत्येक पायरीनंतर थांबून पाहायचं. नुसत्या उबेने स्टिकर सुटला, तर बाटलीचं झाकण उघडायचं कारणच नाही.

आधी ठरवा, तो काढायचा का?

काही स्टिकर काढू नयेत. अमेरिकी नाण्यांच्या स्लॅबवर सीएसीचा लहान अंडाकृती हिरवा किंवा सोनेरी स्टिकर दिसतो. ही संस्था २००७ साली सुरू झाली. ग्रेडिंग झालेलं, म्हणजे दर्जा ठरवून दिलेलं नाणं ती पुन्हा तपासते आणि त्या ग्रेडमध्ये ते पक्कं बसत असेल तर हा स्टिकर लावते. तो काढला तर नाण्याची किंमत उतरते. ग्रेडिंग कंपनीचा होलोग्राम आणि होल्डरच्या कडेवरचं सील हे तर होल्डरचेच भाग आहेत. त्यांच्याजवळ नखही नेऊ नका.

लिलावाच्या लॉट क्रमांकाचा विचार मात्र दोनदा करा. हे नाणं कोणत्या विक्रीतून आलं, कुणाच्या संग्रहात होतं, याचा एवढाच धागा कधीकधी उरलेला असतो. आपल्याकडे नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांच्या बाबतीत हे फार जाणवतं. त्यांच्यावर नाव मोगल बादशहाचं, तेही फारसीत, आणि बऱ्याच नाण्यांवर मजकुराचा अर्धाच भाग उमटलेला. अशा वेळी जुन्या जाणत्या माणसाने होल्डरवर चिकटवलेली 'कटक' (टाकसाळ) किंवा 'अहमदशहा' (बादशहा) अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी म्हणजे त्याचं वाचन असतं. ते बरोबर असेल किंवा चूक, पण ती माहिती आहे. काढण्यापूर्वी स्टिकरचा जवळून फोटो घ्या, मजकूर वहीत उतरवा आणि कुणाकडून, कधी, केवढ्याला घेतलं ते पुढे लिहा. चिठ्ठी अखंड निघाली तर ती बिलासोबत ठेवा.

आणखी दोन गोष्टी. नाणं पसंत नसल्यास परत करायच्या बोलीवर आणलं असेल, तर मुदत संपेपर्यंत स्टिकर जागेवर राहू द्या. आणि होल्डर उजेडात तिरका धरून स्टिकरच्या चारही बाजू नीट पाहा. स्टिकरखाली तडा दडलेला असू शकतो. आधी न पाहिलेला तडा नंतर आपल्याच माथी येतो.

होल्डर कशाचा आहे ते ओळखा

अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली सुरू झाली. तेव्हापासून बंद, कडक, सपाट डबीत नाणं ठेवायची पद्धत रुळली. यालाच आपण स्लॅब म्हणतो. स्लॅब दोन अर्ध्या भागांचा असतो आणि कडेने सांधलेला असतो. तो सांधा मजबूत असला तरी पाणी अडवणारा नसतो. पातळ द्रव फटीपाशी पोचला की आपोआप आत ओढला जातो. आत गेलेला थेंब लेबलवर डाग पाडतो किंवा नाण्याच्या कडेशी वर्तुळ करून बसतो, आणि मग स्लॅब फोडल्याशिवाय इलाज नसतो. स्लॅब पाण्यात बुडवणं, नळाखाली धरणं, स्टिकरवर थेट बाटली ओतणं, हे सगळं याच कारणाने वर्ज्य.

गोल कॅप्सूल बहुधा अॅक्रिलिकची किंवा पॉलिस्टायरीनची असते. रिकामी कॅप्सूल टेबलावर हलकेच टाकली तर पॉलिस्टायरीनची टणटण वाजते, अॅक्रिलिकचा आवाज जड येतो. हा फरक माहीत असावा, कारण अॅक्रिलिकला अल्कोहोल सोसत नाही. ताण असलेल्या जागी, म्हणजे कडेला आणि खाचेपाशी, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. कॅप्सूलच्या बाबतीत सरळ मार्ग वेगळाच आहे. ती उघडता येते. नाणं कडेने धरून बाहेर काढा, मऊ कापडावर ठेवा आणि रिकाम्या कॅप्सूलवर निवांत काम करा. ती खराब झालीच तर नवी घ्या. तिचा खर्च नाण्यापुढे काहीच नाही.

पुठ्ठ्याच्या पिनावाल्या होल्डरबद्दल आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटांबद्दल पुढे लिहिलं आहे. तिथे स्टिकर काढत बसण्याची गरजच पडत नाही.

संत्र्याचं तेल नको

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला हवं. 'नैसर्गिक' म्हणून विकले जाणारे कितीतरी स्टिकर रिमूव्हर संत्र्याच्या सालीतल्या तेलावर चालतात. त्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. तो डिंक विरघळवतो हे खरं आहे, पण तो पॉलिस्टायरीनही विरघळवतो. पाहायचं असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर त्या तेलाचा एक थेंब टाका. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. थेंबाखाली खड्डा पडतो. पारदर्शक होल्डरवर हाच थेंब आधी चिकटपणा आणतो आणि मग कायमचा धुरकट डाग ठेवून जातो. निलगिरीचं तेल आणि टर्पेंटाइन यांनाही याच कारणाने दूर ठेवा.

एसिटोन आणि थिनर त्याहून वाईट. एसिटोनचा बोळा फिरला की प्लास्टिकचा वरचा थर मऊ होऊन दुधाळ होतो आणि तो पुसून जात नाही. गाडीत भरायचं पेट्रोलही नको, कारण त्यात प्लास्टिकला त्रास देणारे घटक असतात. गंजलेले स्क्रू सुटावेत म्हणून मारतात तो स्प्रे मुळात फटीत शिरण्यासाठीच बनवलेला आहे, तेव्हा सांधा असलेल्या वस्तूवर त्याचं काम नाही.

हाताशी काय असावं

हेअर ड्रायर, बाद झालेलं एटीएम कार्ड किंवा गिटार वाजवायची प्लास्टिकची पट्टी, कानकाडीसारखे कापसाचे बोळे, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, साधं खोबरेल तेल, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मास्किंग टेप. लागलंच तर लायटर फ्लुइड, आणि ते आणताना नीट पाहून आणा. पानठेल्यावर लायटर भरायचा म्हणून जो उभा डबा मिळतो त्यात बहुतेक वेळा ब्यूटेन वायू असतो. आपल्याला हवं ते वातीच्या लायटरमध्ये ओततात ते द्रव, म्हणजे नाफ्था. त्यात एसिटोन नसतं, ते लवकर उडतं आणि मागे तेलकटपणा ठेवत नाही. रॉकेल हा त्याला पर्याय नाही. त्याचा थर आणि वास दोन्ही रेंगाळतात.

ब्लेड, चाकू, स्टीलची पट्टी टेबलावर ठेवूच नका. हाताशी असलं की वापरलं जातं.

पहिली पायरी: ऊब

टेबलावर जाड टॉवेल पसरा. स्लॅबच्या मागच्या बाजूला धूळ असेल तर आधी फुंकून काढा. नाहीतर काम पुढच्या बाजूला चालतं आणि ओरखडे मागच्या बाजूला पडतात. ड्रायर सर्वात कमी तापमानावर लावा, होल्डरपासून वीतभर लांब धरा आणि सारखा हलवत ठेवा. दहा-पंधरा सेकंद ऊब द्यायची, मग बोटाने तपासायचं. बोटाला सुखद गरम लागलं पाहिजे. चटका बसत असेल तर आपण मर्यादा ओलांडली. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या जरा अलीकडेच मऊ पडायला लागतं, आणि जोरात लावलेल्या ड्रायरच्या तोंडाशी हवा तेवढी तापलेली असू शकते. एकाच जागी धरलेल्या ड्रायरने स्लॅबला बाक आला तर तो सरळ होत नाही.

कोपरा नखाने किंवा कार्डाच्या कडेने उचला. उचललेला भाग वर ओढू नका. तो मागे दुमडून, होल्डरला जवळजवळ समांतर ठेवून, हळू खेचा. वर ओढला की कागद फाटतो आणि डिंक खाली राहतो. सपाट खेचला की डिंक कागदासोबत येतो. कुठे अडलं तर तिथे थांबा, पुन्हा ऊब द्या, मग पुढे जा. किमतीच्या मशीनने लावलेल्या स्टिकरला मुद्दाम चिरा पाडलेल्या असतात, म्हणजे कुणी काढून दुसऱ्या वस्तूवर लावू नये. तो एका तुकड्यात निघणार नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्र स्टिकर समजून काढा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा ड्रायरशिवायही निम्मं काम होतं. कूलर न लावलेल्या खोलीत होल्डर तासभर सावलीत ठेवला की डिंक पुरेसा सैल होतो. मात्र स्लॅब गच्चीवर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. उन्हाने आतल्या लेबलाचा रंग उडतो आणि किती तापलं त्यावर आपला ताबा राहत नाही. फ्रीजरचा उपाय सुचवणारेही भेटतील, थंडीने डिंक ठिसूळ होतो म्हणून. तो आपल्या कामाचा नाही. थंड स्लॅब बाहेर काढला की हवेतली वाफ त्याच्यावर आणि त्याच्या आतही दव धरू शकते, आणि जुलैतल्या नागपुरात तर हमखास.

दुसरी पायरी: कागद गेला, चिकटा उरला

बहुतेक वेळा इथवर येऊन पातळ, मळकट चिकटा उरतो. त्याला लगेच तेल लावू नका. मास्किंग टेपचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळा, चिकटलेल्या भागावर दाबा आणि झटकन उचला. असं करत राहा. डिंकाला डिंक धरतो आणि बराचसा चिकटा टेपवर येतो. खोडरबर वापरायचा मोह टाळा. शाई खोडायच्या रबरात बारीक रेव असते आणि चकचकीत प्लास्टिकवर तिचे चरे उठतात.

मग खोबरेल तेल. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, बोळा निथळणारा नको. चिकट्यावर फिरवा आणि पाचेक मिनिटं राहू द्या. कडेपासून बोटभर अंतर राखा. स्टिकर अगदी कडेलाच असेल तर होल्डर असा तिरका धरा की तेलाचा ओघळ सांध्याकडे न जाता उलट दिशेला येईल, आणि सांध्यावर मास्किंग टेपची पट्टी आधीच लावून ठेवा. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर वाटी कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. पाच मिनिटांनी चिकट्याच्या वळ्या होऊ लागतात. त्या कार्डाच्या गोल कोपऱ्याने एकाच दिशेने सारा. रगडू नका, कारण चिकट्यात अडकलेला धुळीचा कणही रगडला जातो आणि तोच ओरखडा पाडतो.

तेल रात्रभर लावून ठेवू नये. ताण असलेलं पॉलिस्टायरीन तेलाच्या लांबलेल्या संपर्काने तडकतं. पंधरा-वीस मिनिटांत चिकटा गेला नाही तर पुसून टाका आणि पुन्हा नव्याने लावा.

तिसरी पायरी: नाफ्था, आणि तेही बेताने

जुना, पिवळा पडलेला, रबरासारखा ताणला जाणारा डिंक तेलाला दाद देत नाही. तिथे लायटर फ्लुइड लागतं. खिडक्या उघडा. स्वयंपाकघरात हे काम करू नका, आणि देवाजवळ समई किंवा उदबत्ती चालू असेल तर ती शांत होईपर्यंत थांबा. नाफ्थाची वाफ दिसत नाही, पण लांबची ठिणगीही पकडते. उन्हाळ्यात ती फार वेगाने उठते, म्हणून मेमधल्या दुपारी हे काम नकोच, सकाळी करा. ड्रायर लांब ठेवा आणि उबेची पायरी एकदा संपली की पुन्हा त्याच्याकडे जाऊ नका.

आधी चाचणी. होल्डरच्या मागच्या कोपऱ्यात, सांध्यापासून दूर, बोळ्याने एक ठिपका लावा, पुसा, पाच मिनिटांनी तिरक्या उजेडात पाहा. धूसरपणा, चिकटपणा किंवा बारीक रेघा दिसल्या तर हा मार्ग सोडा. काहीच दिसलं नाही तर बोळा ओला करून बाटलीच्या तोंडाशी दाबा, म्हणजे जास्तीचं फ्लुइड निघून जाईल, आणि फक्त चिकट्यावर फिरवा. अर्धा-एक मिनिट पुरतं. लगेच कोरड्या कापडाने टिपा. बोळा मळला की टाकून नवा घ्या, नाहीतर एका जागचा डिंक दुसऱ्या जागी पसरतो. चिकटा जुना असेल तर एका बैठकीत सगळा काढायचा हट्ट धरू नका. दोन वेळांच्या मध्ये प्लास्टिकला पूर्ण कोरडं होऊ द्या.

औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुष्कळांच्या घरी असतं. पॉलिस्टायरीनच्या स्लॅबवर ते चालतं, पण डिंकावर त्याचा जोर कमी पडतो. शेवटचा तेलकट थर काढायला ते ठीक. अॅक्रिलिकवर नाही, हे पुन्हा सांगतो.

शेवटची पुसणी

वाटीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात कापडाचं टोक बुडवून घट्ट पिळा, होल्डर पुसा. मग साध्या पाण्यात पिळलेलं कापड, मग कोरडं. कोरडं पुसताना जोर लावू नका. आपल्या कोरड्या हवेत घासलेल्या प्लास्टिकवर वीज साठते आणि खोलीतली सगळी धूळ तिथे येऊन बसते. अगदी किंचित ओलसर कापडाने शेवटचा हात फिरवला की हा त्रास वाचतो.

ओरखडे आधीपासून असतील आणि ते डोळ्यांत खुपत असतील, तर मोटारीच्या हेडलाइटच्या काचेसाठी मिळणारं बारीक प्लास्टिक पॉलिश चालतं. मटाराएवढं घ्या, मायक्रोफायबरवर लावा, लहान गोल फिरवा, सांध्यापर्यंत नेऊ नका. टूथपेस्ट नको. तिचं कण-प्रमाण ठरलेलं नसतं आणि पांढरी भुकटी खाचेत अडकून बसते. ओरखडा नखाला लागत असेल तर पॉलिशने तो जाणार नाही. ग्रेडिंग कंपन्या तेच नाणं नव्या होल्डरमध्ये बसवून देतात. मौल्यवान नाण्यासाठी तोच रस्ता बरा. पाठवण्याआधी लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून नोंद जुळते का ते पाहा.

पुठ्ठ्याचे होल्डर आणि मऊ पाकिटं

पिना मारलेला दोन इंची चौकोनी पुठ्ठा असेल तर स्टिकरशी झगडू नका, होल्डरच बदला. पण पिना उघडताना फार जपा, कारण चांदीच्या रुपयावरचे कितीतरी आडवे चरे पिनांच्या टोकांचे असतात. आधी चारही पिना पक्कडीने सरळ करून पूर्ण बाहेर काढा, मगच पुठ्ठा पुस्तकासारखा उघडा. एखादी पिन राहिली असताना नाणं ओढून काढू नका. पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं असेल तर तेवढा भाग कापून नव्या होल्डरमागे जपून ठेवा.

मऊ, वाकणारं, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाकीट बहुधा पीव्हीसीचं असतं. त्यावर स्टिकर असो वा नसो, नाणं आजच बाहेर काढा. पीव्हीसीतून सुटणारे पदार्थ नाण्यावर हिरवट, चिकट थर आणतात आणि आपल्याकडच्या उष्णतेत हे लवकर घडतं. हा थर नाण्यावरून काढायला शुद्ध एसिटोन वापरतात, पण ते मोकळ्या धातूच्या नाण्यावर, काचेच्या वाटीत, आणि औषध किंवा रसायनाच्या दुकानातलं शुद्ध असेल तरच. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रंग, सुगंध आणि तेल असतं. ते नाण्याला लावू नये.

साफ झालेले होल्डर कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. कपाटात डांबरगोळ्या असतील तर स्लॅब तिथे नकोत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं. कूलरच्या झोतातली खोलीही नको. कूलर दमट हवा फेकतो आणि ओलाव्यात चांदी लवकर काळवंडते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.

स्वतःची नोंद किंवा किंमत लावायची असेल तर ती होल्डरवर चिकटवू नका. स्लॅबच्या मापाच्या पारदर्शक पिशव्या मिळतात. स्टिकर त्या पिशवीवर लावा, आणि नाणं विकताना पिशवी काढून घ्या.